मत्स्यटाकीचे सायकलिंग

नव्याने मांडलेल्या मत्स्यटाकीत अमोनिया आणि नायट्राइट या विषारी संयुगांचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या जिवाणूंची पुरेशी वसाहत तयार होऊ देण्याच्या प्रक्रियेला सायकलिंग म्हणतात. ही वसाहत नसलेले पाणी कितीही नितळ दिसले तरी माशांना सुरक्षित नसते. नव्या टाकीतले मासे पहिल्या काही आठवड्यांत एकामागून एक दगावतात तेव्हा दोष बहुधा रोगाला किंवा विक्रेत्याला दिला जातो. अशा वेळी औषध ओतण्याआधी पाणी तपासावे, कारण पुष्कळदा कारण तिथेच सापडते.

मासे प्रथिनांच्या पचनातून उरणारा नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतात. न खाल्लेले खाद्य, विष्ठा आणि कुजणारी पाने त्यात भर घालतात. नदीत किंवा तलावात पाण्याच्या मानाने मासे थोडे असतात. टाकीत हे प्रमाण उलटे होते आणि अमोनिया साचतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो: मुक्त अमोनिया आणि अमोनियम आयन. कल्ल्यांना जाळणारा आणि चेतासंस्थेवर परिणाम करणारा आहे तो मुक्त अमोनिया. अमोनियम त्या मानाने बराच निरुपद्रवी. कोणते रूप किती, हे सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी याचे माप) आणि तापमानावर ठरते. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्के मुक्त असतो, सामू ८ असताना सुमारे ५ टक्के, आणि ९ असताना एक तृतीयांशाहून अधिक. बाजारात मिळणारी बहुतेक टेस्ट किट एकूण अमोनिया दाखवतात. म्हणून किटवर तोच रंग दिसला तरी एका टाकीत तो दुर्लक्ष करण्याजोगा आणि दुसरीत जीवघेणा असू शकतो. सामू न मोजता अमोनियाचा आकडा वाचणे हे अर्धेच वाचन होय.

याच कारणाने दुरून आणलेल्या माशांची पिशवी उघडतानाही जपावे लागते. प्रवासात पिशवीतल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचून सामू उतरतो आणि साठलेला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, सामू चढतो आणि त्याच पाण्यात मुक्त अमोनिया वाढू लागतो. तास-दोन तास थेंबथेंब पाणी मिसळत बसण्याची लोकप्रिय पद्धत अशा माशांना म्हणूनच त्रासदायक ठरते. तापमान जुळवून मासे लवकर जाळीने उचलावेत आणि पिशवीतले पाणी टाकीत जाऊ देऊ नये.

अमोनियापासून नायट्राइट आणि नायट्राइटपासून नायट्रेट बनवणारे जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. त्याआधी, १८५० मध्ये, रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून टाकी टिकवली होती. पण त्यांचा भर वनस्पतींनी दिलेल्या ऑक्सिजनवर होता. टाकीतल्या दुसऱ्या टप्प्याचे श्रेय पुढे दीर्घकाळ नायट्रोबॅक्टर या जिवाणूला दिले गेले. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो, हे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले. पहिल्या टप्प्यात जिवाणूंबरोबर आर्किया गटातले सूक्ष्मजीवही असतात, आणि दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा २०१५ मध्ये आढळला.

हे सूक्ष्मजीव पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागांना चिकटून राहतात. फिल्टरमधला स्पंज आणि त्यातली सच्छिद्र माध्यमे, खडी, काच, झाडांची पाने हे त्यांचे ठिकाण. त्यामुळे जुन्या टाकीचे नुसते पाणी आणून नव्या टाकीत ओतल्याने फारसे साधत नाही. मात्र जुन्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरचा स्पंज ओला असतानाच आणून नव्या फिल्टरमध्ये बसवला तर आठवड्यांचे काम काही दिवसांवर येऊ शकते. बाटलीबंद जिवाणूंचा भरवसा त्या मानाने कमी. त्यांचा परिणाम बाटली किती ताजी आहे आणि ती कशी साठवली होती यावर ठरतो.

उसनी वसाहत न मिळाल्यास उबदार पाण्यातही साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कारण हे जिवाणू फार सावकाश दुप्पट होतात. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट वाढतो, शेवटी तोही ओसरतो आणि नायट्रेट दिसू लागते. मधला टप्पा सर्वांत लांबतो आणि फसवाही असतो: अमोनिया शून्यावर आलेला पाहून मासे सोडले जातात, आणि नायट्राइट त्यांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे ऑक्सिजन वाहू न शकणारे मेटहिमोग्लोबिन करून टाकतो. रक्त तपकिरी होते, आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. क्लोराइड आयन नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाहीत, म्हणून अशा वेळी थोडे साधे मीठ उपयोगी पडते. समुद्री टाकीत नायट्राइटचा त्रास क्वचितच जाणवतो तो याचमुळे. मिठाने नायट्राइट कमी होत नाही, फक्त वेळ मिळतो.

सायकलिंगची उत्तम पद्धत माशांशिवायची. टाकी, फिल्टर आणि हीटर चालू करून त्यात सुगंध वा साबण नसलेले अमोनियाचे द्रावण किंवा अमोनियम क्लोराइड घालून एकूण अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास आणतात आणि तो संपत जाईल तसा पुन्हा घालतात. एवढा अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार झाली. मग साठलेले नायट्रेट घालवण्यासाठी बरेचसे पाणी बदलून मासे सोडतात. तेही टप्प्याटप्प्याने, कारण वसाहतीचा आकार तिला मिळणाऱ्या अन्नाइतकाच असतो. मासे आधीच आणले असतील तर उपाय तीनच: खाद्य अगदी कमी करणे, रोज तपासणी आणि वारंवार पाणी बदलणे. पाणी बदलल्याने सायकलिंग बिघडते हा समज निराधार आहे. वसाहत पृष्ठभागावर असते. दाट लावलेली, जोमाने वाढणारी झाडे अमोनियम स्वतःच शोषून घेतात, त्यामुळे अशा टाकीत चढउतार किटवर दिसतही नाहीत.

पहिल्या दिवसांत पाणी दुधाळ होणे हा वेगळा प्रकार. ती सेंद्रिय पदार्थांवर वाढणाऱ्या इतर जिवाणूंची तात्पुरती भर असते आणि आपोआप निवळते. ती पाहून टाकी रिकामी करून धुऊन काढणारे पुन्हा पहिल्या दिवसावर येतात.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ले आणि वसाहत दोन्हींना मारक असतो. साधा क्लोरीन उघड्या भांड्यात पाणी ठेवून किंवा हवा सोडून उडून जातो. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग, मात्र दिवसच्या दिवस टिकते. सोडियम थायोसल्फेट दोन्हींवर चालते, पण क्लोरामाइन फुटल्यावर त्यातला अमोनिया मागे राहतो, आणि न रुळलेल्या टाकीत तो मोजूनच घ्यावा लागतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

अमोनियाच्या रूपातला एक मिलिग्रॅम नत्र नायट्रेटपर्यंत नेताना सुमारे ४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे आम्ल पचवून सामू टिकवण्याची पाण्याची क्षमता, संपते. मऊ पाण्यात त्यामुळे सामू हळूहळू घसरतो, आणि तो ६ च्या जवळ आला की जिवाणूंचे काम जवळपास थांबते. पाणी क्वचित बदलल्या जाणाऱ्या जुन्या टाक्यांत असेच घडते: अमोनिया साचत जातो, पण अमोनियमच्या रूपात असल्याने मासे जगतात. मग कोणी एके दिवशी सामू ८ असलेले ताजे पाणी भरपूर ओततो, अमोनियम एकदम मुक्त अमोनियात बदलतो आणि मासे मरतात. अशा टाकीत पाणी थोडे थोडे करून अनेक दिवसांत बदलावे लागते.