‘बर्नआउट’ आजार नाही, म्हणजे काय? परदेशी रुग्णसेवेतल्या थकव्याची पार्श्वभूमी

१९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचा एक तरुण होता, डॉ. द्वारकानाथ कोटणीस, हे आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको. जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये तो तिथेच गेला. वय अवघं ३२. त्याच्या गोष्टीवर आपल्या पिढ्या वाढल्या. त्या गोष्टीत विश्रांतीला जागा नव्हती. ‘दमलो’ म्हणणं म्हणजे कमी पडणं ही समजूत तिथूनच आपल्यात मुरली, असं मला वाटतं.

‘बर्नआउट’, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाणं, हा शब्द अभ्यासात आला १९७४ मध्ये, तोही न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातून. तिथे संध्याकाळी सेवा देणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञाला दिसलं की सगळ्यात जीव तोडून काम करणारेच आधी कोसळतात: सर्दी हटत नाही, झोप लागत नाही, बारीकसारीक गोष्टींवर चिडचिड होते. म्हणजे हा शब्द मुळात सेवाभावी माणसांसाठीच तयार झाला. पुढे १९८१ मध्ये २२ प्रश्नांची मोजपट्टी आली आणि तो कचेऱ्यांत पोचला.

खरा गुंता २०१९ चा. त्या मे महिन्यात आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीची अकरावी आवृत्ती मंजूर झाली आणि ‘बर्नआउट आता आजार’ अशा बातम्या जगभर छापून आल्या. काही दिवसांतच जागतिक आरोग्य संघटनेचा खुलासा आला: आजार नव्हे, कामाशी निगडित स्थिती. नोंद तर दहाव्या आवृत्तीतही होती. नवी होती ती सविस्तर व्याख्या. तिच्यात तीन खुणा सांगितल्या आहेत: ताकद संपणं, कामावरून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. कारण दिलं आहे, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण, जो ‘नीट हाताळला गेला नाही’. कुणी हाताळायचा? वाक्यात कर्ताच नाही. माझ्या मते आजार न म्हणणं योग्यच होतं, कारण आजार म्हटलं की दोष माणसाच्या अंगात जातो आणि पाळ्या, रजा, मनुष्यबळ ठरवणारे सुटतात. पण आपल्याकडे या निर्णयाचा अर्थ निघाला तो असा: आजार नाही ना, मग काही झालेलंच नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या माझ्या ओळखीच्या एक सिस्टर तेव्हा नुकत्याच बांगलादेशातल्या कॉक्स बझारजवळच्या, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावणीतून परतल्या होत्या. ऑगस्ट २०१७ नंतर तिथे ७ लाखांहून जास्त माणसं आली. छावणीत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, असं आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे. घरी सकाळी अंघोळीची बादली भरली की त्या तिच्याकडे बघत बसून राहायच्या. एका माणसाचा अख्खा दिवस त्या बादलीत असायचा. आई दार वाजवायची, “अगं, पाणी निवलं की!” जूनमध्ये त्यांनी रजेच्या अर्जात कारण लिहिलं, ‘कंबरदुखी’. दुसरं काही लिहायला रकानाच नव्हता.

परदेशी पथकांत तोवर बरंच बदललं होतं. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४ ते १६ च्या इबोला साथीत ११ हजारांवर माणसं गेली. उकाड्यात पूर्ण संरक्षक पोशाख घालून तासाभरापलीकडे आत थांबता येत नसे, आणि एकट्याने आत जायचं नाही हा नियम होता. परतल्यावर २१ दिवस रोज ताप मोजायचा. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफगाणिस्तानातल्या कुंदूझचं ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेचं रुग्णालय हवाई हल्ल्यात उद्ध्वस्त झालं, ४२ जण मारले गेले. अशा प्रसंगानंतर सगळ्यांना बसवून एकदाच सगळं बोलायला लावायची पद्धत पूर्वी रूढ होती. तिचा उपयोग होत नाही, काहींना अपायच होतो, हे अभ्यासांतून दिसल्यावर ती मागे पडली. ठरलेल्या आठवड्यांनी सक्तीची रजा मात्र टिकली.

२०१९ च्याच ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली. निवारा केंद्रात त्या सिस्टरांनी पहिली मागणी केली ती पाळ्यांची: रात्री जागलेल्याने सकाळी होडीत बसायचं नाही. “गाव पाण्यात हाय आन् ह्यास्नी झोप सुचतीया,” एक जण बोललाही. त्यांनी वाद घातला नाही. शाळेच्या फळ्यावर खडूने दोन रकाने आखले, कामावर आणि झोपेला. झोपेच्या रकान्यात पहिलं नाव स्वतःचं लिहिलं.