ब्रेक्झिटचं मतदान: भांडण पक्षाचं, पावती देशाच्या नावाने

२४ जून २०१६, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे नऊ-दहा झाले होते, शेअर बाजार उघडायला पाच मिनिटं बाकी, आणि तिकडे लंडनमध्ये पहाटे चार-चाळीसला बीबीसीवर डेव्हिड डिम्बलबींनी सांगून टाकलं की ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडणार. मग जे व्हायचं ते झालं. सेन्सेक्स मध्येच हजारावर अंक खाली जाऊन शेवटी सहाशेच्या आसपास पडून बंद झाला, जग्वार लँड रोव्हर पदरात असल्यामुळे टाटा मोटर्सला चांगलाच दणका बसला, आणि शंभरच्या आसपास फिरणारा पौंड नव्वदीच्या घरात आला म्हणून ज्यांची मुलं तिकडे मास्टर्सला जाणार होती ते आईबाप मनातल्या मनात खुश. त्या दिवशी आपल्याकडच्या चॅनेलवर सगळे असंच बोलत होते की हे अचानक कुठून आलं, लोकांना एकदम झालं तरी काय.

अचानक काही नव्हतं हो. हे भांडण तेव्हा चाळीस-पन्नास वर्षांचं होतं, आणि माझं मत विचाराल तर ते मुळात देशाचं भांडण नव्हतंच, आधी एका पक्षाच्या घरातलं आणि मग दुसऱ्या पक्षाच्या घरातलं. घरातलं मिटेना म्हणून दोन्ही वेळा लोकांना बोलावून मत टाकायला लावलं.

सुरुवातीला तर ब्रिटनला हे प्रकरण नकोच होतं. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा जणांनी १९५१ मध्ये कोळसा आणि पोलाद एकत्र आणलं आणि १९५७ मध्ये रोमचा करार करून कॉमन मार्केट उभं केलं, तेव्हा ब्रिटन लांबून बघत होता. आपलं कॉमनवेल्थ आहे, अमेरिका आहे, आपल्याला काय गरज, असा एकंदर रुबाब. पण बघता बघता ते सहा जण पुढे निघून गेले, मग १९६१ मध्ये पंतप्रधान मॅकमिलन यांनी अर्ज केला आणि १९६३ मध्ये फ्रान्सच्या द गॉल यांनी तो सरळ नाकारला. १९६७ मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान विल्सन यांनी परत विचारलं, परत नाही. द गॉल गेल्यावर पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी एकदाचं जमवलं आणि १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन आत आला, सोबत डेन्मार्क आणि आयर्लंड. म्हणजे दोनदा दार आपटून घेऊन आत गेलेला पाहुणा, पहिल्या दिवसापासून थोडा अवघडलेलाच.

आता गंमत इथून पुढे आहे. हीथ कॉन्झर्व्हेटिव्ह. म्हणजे तेव्हा युरोपवाले कोण तर उजवे, आणि बाहेर पडा म्हणणारे कोण तर मजूर पक्षातले डावे. त्यांचं म्हणणं हा भांडवलदारांचा क्लब आहे, यात राहून समाजवाद कसा आणणार. त्यांच्यातल्याच टोनी बेन यांनी सार्वमताची कल्पना काढली तेव्हा पक्षात फारसं कोणी मनावर घेतलं नाही, पण जेम्स कॅलाहन मात्र म्हणाले होते की ही एक छोटी रबरी होडी आहे, एक दिवस अख्ख्या पक्षाला हिच्यात चढावं लागेल. आणि चढले की! विल्सन १९७४ मध्ये परत सत्तेत आले ते अटी बदलून घेऊ आणि मग लोकांना विचारू असं सांगून, न्यूझीलंडच्या बटरबिटरवर थोड्या सवलती मिळवल्या आणि जाहीर केलं की अटी सुधारल्या. मंत्रिमंडळात १६ विरुद्ध ७ अशी फूट. पक्षाच्या खास अधिवेशनाने तर चक्क पंतप्रधानांच्या विरोधात, बाहेर पडा म्हणून ठराव केला. मग विल्सन यांनी मंत्र्यांना मोकळं सोडलं, ज्याला ज्या बाजूने बोलायचं त्याने बोला.

कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या थॅचरबाई तेव्हा नुकत्याच विरोधी पक्षनेत्या झाल्या होत्या. सार्वमत हे हुकूमशहांचं आणि लोकांना भडकवणाऱ्यांचं हत्यार आहे असं त्यांनी ॲटलींचा दाखला देत संसदेत ऐकवलं, आणि प्रचारात मात्र नऊ सदस्य देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून युरोपात राहा म्हणून उभ्या राहिल्या. तो फोटो बघितला नसेल तर जरूर बघा, पुढचं सगळं माहिती असलं की फार मजा येते.

१९७५ ची ती चर्चा आज वाचली तर सार्वभौमत्व वगैरे होतंच, पण मुख्य मुद्दा होता बाजारहाटाचा. महागाई वीस टक्क्यांच्या वर गेलेली, त्यामुळे बायका पिशव्या घेऊन टीव्हीवर, बटर कितीला, बीफ कितीला, तिकडे स्वस्त की इकडे. बार्बरा कॅसल या मंत्रीणबाई तर भाव दाखवायला ब्रसेल्सला जाऊन खरेदी करून आल्या. घरोघरी तीन पत्रकं गेली, एक सरकारचं, एक येसवाल्यांचं म्हणजे राहा म्हणणाऱ्यांचं, एक नोवाल्यांचं. पैसा सगळा येसकडे, नोवाल्यांच्या दहापटीहून जास्त खर्च, आणि जवळजवळ सगळी मोठी वर्तमानपत्रं पण येसकडे. नोच्या बाजूला एका टोकाचे बेन आणि दुसऱ्या टोकाचे इनॉक पॉवेल, म्हणजे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं. ५ जून १९७५ ला मतदान झालं, ६७ टक्के लोक राहा म्हणाले. देशभर घेतलेलं ब्रिटनच्या इतिहासातलं ते पहिलं सार्वमत. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

मग पुढच्या पंधरा वर्षांत दोन्ही पक्षांनी जागा बदलल्या, अगदी संगीत खुर्चीसारख्या. १९८३ च्या जाहीरनाम्यात मजूर पक्ष म्हणत होता बाहेर पडू, दणकून हरला. सिंगल मार्केट, म्हणजे सगळ्या सदस्य देशांची मिळून एकच बाजारपेठ, उभं करण्यात पंतप्रधान थॅचरबाईंचा मोठा वाटा, कारण व्यापार खुला होतोय ना, मग चांगलंच. पण त्या मार्केटला नियम लागतात, नियमाला ब्रसेल्स म्हणजे युरोपचं मुख्यालय लागतं, हे पचेना. सप्टेंबर १९८८ मध्ये युरोपियन कमिशनचे अध्यक्ष जाक डेलोर बोर्नमथला ब्रिटिश कामगार संघटनांच्या परिषदेत गेले आणि कामगारांचे हक्क युरोप सांभाळेल असं बोलून टाळ्या घेऊन आले, झालं, डाव्यांना युरोप आवडायला लागला. आणि त्याच महिन्यात ब्रुझच्या भाषणात थॅचरबाईंनी सांगितलं की आम्ही आमच्याकडे सरकारचा पसारा कमी केला तो ब्रसेल्समधून परत लादून घ्यायला नाही. एका महिन्यातली ही दोन भाषणं नीट वाचली की पुढच्या तीस वर्षांचं बरंचसं कळतं, असं मला तरी वाटतं.

त्यांचं पद गेलं तेही याच वादाच्या गदारोळात. त्यांचे जुने सहकारी जेफ्री हाव यांनी राजीनामा दिला आणि नोव्हेंबर १९९० मध्ये संसदेत अत्यंत शांत आवाजात सांगितलं की युरोपशी बोलायला आम्हाला पाठवणं म्हणजे ओपनिंगच्या बॅट्समनना क्रीजवर पाठवायचं आणि पहिला बॉल पडायच्या वेळी त्यांना कळावं की मॅचच्या आधी आपल्या कॅप्टननेच बॅटी मोडून ठेवल्यात. आपल्याला हे लगेच कळतं, फ्रेंचांना कळलं असेल का माहिती नाही. नऊ दिवसांनी बाईंनी राजीनामा जाहीर केला.

पुढचे पंतप्रधान मेजर यांच्या काळात मास्ट्रिक्टचा करार, ज्यातून कॉमन मार्केटची युरोपियन युनियन झाली, आणि १६ सप्टेंबर १९९२ चा तो काळा बुधवार, पौंड सावरायला एका दिवसात व्याजदर १० वरून १२ केला, १५ करू म्हणाले, तरी संध्याकाळी युरोपच्या विनिमय दर यंत्रणेतून बाहेर पडावं लागलं. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातल्या बंडखोरांना यातून जो जोर मिळाला तो कधी ओसरलाच नाही. १९९३ मध्ये युरोपमधून बाहेर पडा म्हणणारा युकिप हा पक्ष स्थापन झाला. तेव्हा त्याला कोणी विचारत नव्हतं.

त्याला विचारायला लागले ते २००४ नंतर. पोलंड वगैरे दहा देश आत आले, बाकी बहुतेक जुन्या देशांनी कामगारांवर काही वर्षं बंधनं ठेवली, ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने दारं उघडी टाकली. सरकारने करून घेतलेल्या अभ्यासात अंदाज होता वर्षाला ५,००० ते १३,००० माणसं येतील, आली त्याच्या कितीतरी पट. तेव्हापासून युरोपची चर्चा म्हणजे बाहेरून येणाऱ्या लोकांची चर्चा, हे समीकरण पक्कं झालं.

आणि इथे आपली माणसं येतात. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यांची मुलं आणि नातवंडं यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं, आणि तो पासपोर्ट हातात आला की पोर्तुगालला न जाता थेट ब्रिटनमध्ये नोकरी करता येत होती. हजारो गोंयकार असे गेले. स्विंडन नावाचं रेल्वे आणि मोटारींचं गाव, तिथे गोव्याची एवढी वस्ती झाली की चर्चमध्ये कोकणीत मिसा ऐकायला मिळते. आता २०१६ च्या मतदानाचा नियम काय होता बघा: ब्रिटिश, आयरिश आणि तिथे राहणारे कॉमनवेल्थचे नागरिक मत देऊ शकतात. युरोपियन युनियनचे नागरिक नाहीत, अपवाद आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसवाल्यांचा. म्हणजे वर्क व्हिसावर गेलेला भारतीय पासपोर्टवाला मत देणार आणि त्याचा पोर्तुगीज पासपोर्टवाला चुलतभाऊ, ज्याची रोजीरोटी या निकालावर, तो घरी बसणार. स्विंडनने कौल दिला लीव्हला, म्हणजे बाहेर पडायला.

माझी एक मैत्रीण तेव्हा लंडनला होती, भारतीय पासपोर्टवर, तिने मत दिलं. ती सांगत होती, बोटाला शाई नाही, मशीन नाही, एका बूथमध्ये दोरीने बांधलेली पेन्सिल आणि तिने कागदावर फुली मारायची. पेन्सिलचं मत खोडतील म्हणून घरून पेन न्या अशी अफवाही फिरत होती. तिला अपराधी वाटत होतं म्हणे, दोन वर्षांत परत येणार मी, आणि मी ठरवतेय यांनी राहायचं की जायचं.

कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी हे मतदान कबूल केलं जानेवारी २०१३ मध्ये, ब्लूमबर्गच्या ऑफिसमधल्या भाषणात. हेच कॅमेरून २००६ मध्ये पक्षाला सांगत होते की युरोप युरोप करत बसलो म्हणून लोक आपल्यापासून लांब गेले. पण मागच्या बाकांवरचे खासदार ऐकेनात, युकिप मतं खातोय, मग काय, निघाली परत तीच रबरी होडी. २०१४ च्या युरोपियन संसदेच्या निवडणुकीत युकिप पहिल्या नंबरवर आला, २०१५ मध्ये कॅमेरून यांना स्वतःचं बहुमत मिळालं आणि शब्द पाळावा लागला. विल्सनसारखंच त्यांनी पण अटी बदलून आणल्या, विल्सनसारखंच मंत्र्यांना मोकळं सोडलं. फक्त विल्सनच्या वेळी पेपर सोबत होते, आता सन, मेल, टेलिग्राफ समोरच्या बाजूला.

चर्चेची पातळी काय सांगावी. लाल बसवर लिहिलेलं, आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला पाठवतो, ते आरोग्यसेवेला देऊ या. त्यातली ब्रिटनला मिळणारी सूट जागेवरच वजा होते आणि काही पैसे परत येतात हे सरकारी आकडेवारीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनेच सांगितलं, पण बस फिरत राहिली, आणि उलट खोडून काढायला म्हणून सगळे तोच आकडा परत परत बोलत राहिले. रिमेनवाल्यांचं, म्हणजे राहा म्हणणाऱ्यांचं तरी काय, अर्थमंत्री ऑस्बोर्न म्हणाले बाहेर पडलात तर तातडीचं बजेट आणून कर वाढवीन, नुसती भीती घालायची. राहण्यात चांगलं काय हे मनापासून कोणी सांगितलंच नाही. मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन यांनी १९७५ ला बाहेर पडायला मत दिलेलं, त्यांना विचारलं युरोपबद्दल उत्साह किती, तर म्हणाले दहापैकी सात, साडेसात. करी हाउसवाल्यांना लीव्हच्या बाजूच्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या की बाहेर पडलो तर तुमचे आचारी आणणं सोपं होईल. मग १६ जूनला खासदार जो कॉक्स यांचा खून झाला आणि प्रचार काही दिवस थांबला.

आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण म्हणजे गोव्याचा १९६७ चा ओपिनियन पोल. तिथे प्रश्न विलीन होण्याचा होता, सोडण्याचा नाही, पण महाराष्ट्रात जायचं तर फूल आणि केंद्रशासित राहायचं तर दोन पानं, दोन्हीकडे पुढे काय होणार ते माहिती होतं, आणि मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. ब्रिटनमध्ये लीव्हच्या चौकोनापुढे ‘युरोपियन युनियन सोडा’ एवढंच होतं, नॉर्वेसारखं बाजारात राहून जायचं, कॅनडासारखं नुसता व्यापार करार करून जायचं, की नुसतंच जायचं, ते ज्याने त्याने आपापलं समजून घ्यायचं. कॅमेरून यांचा राजीनामा आला तो निकालाच्या सकाळी.

१९७५ मध्ये राहा म्हणणारी मतं होती १ कोटी ७३ लाख ७८ हजार. २०१६ मध्ये जा म्हणणारी १ कोटी ७४ लाख १० हजार. जवळजवळ तोच आकडा, पण तेव्हा तो ६७ टक्के होता आणि आता ५१.९. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने राहा म्हटलं, इंग्लंड आणि वेल्सने जा.

मतदानाच्या दोन आठवडे आधी, ९ जूनला, टोनी ब्लेअर आणि जॉन मेजर, दोन पक्षांचे दोन माजी पंतप्रधान, उत्तर आयर्लंडमध्ये डेरीला एकत्र गेले होते. बाहेर पडलात तर आयर्लंडबरोबरची सीमा युरोपची सीमा होईल, तिथे मोठ्या कष्टाने आणलेली शांतता धोक्यात येईल, एवढंच सांगायला. इंग्लंडमध्ये त्याची फारशी चर्चा झाली नाही, तिकडे बसच चालू होती. पुढे तीन वर्षं वाटाघाटी अडकून राहिल्या आणि कॅमेरून यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचं पद गेलं, ते त्याच सीमेवरून.