धडधडीची धास्ती

तीन मजले भरभर चढून आलं की छाती धडधडते, घाम फुटतो. बहुतेकजण कुलूप उघडेपर्यंत ते विसरतात. काहींचं मन मात्र तिथेच अडकतं : आज जास्तच होतंय का? हार्टचं तर काही नाही? या शंकेनेच ठोके वाढतात, वाढलेल्या ठोक्यांनी शंका पक्की होते आणि काही मिनिटांत पॅनिक अटॅक, म्हणजे तीव्र भीतीचा झटका येतो. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेलं हे चक्र आजही पॅनिकच्या उपचारांच्या मुळाशी आहे.

यात श्वासाचाही हात असतो. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. ऑक्सिजन पुरेसा असूनही माणसाला वाटतं, श्वास पुरत नाहीये.

पण धडधड तर सगळ्यांनाच होते, मग अटॅक ठरावीक लोकांनाच का? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन राइस आणि रिचर्ड मॅकनली यांचं उत्तर असं, की काहींना घाबरण्याच्या लक्षणांचीच भीती वाटते. ती मोजायला त्यांनी सहकाऱ्यांसोबत सोळा विधानांची प्रश्नावली केली. याची खरी कसोटी लागली ती अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन श्मिट यांनी नव्या कॅडेट्सना खडतर प्रशिक्षणाआधीच ही प्रश्नावली भरायला दिली. पाच आठवड्यांत, सर्वाधिक गुण असलेल्या दहा टक्क्यांपैकी सुमारे २० टक्के कॅडेट्सना पॅनिक अटॅक आला. बाकीच्यांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होतं. अर्थात, धास्ती भरपूर असलेल्यांपैकीही बहुतेकांना अटॅक आला नाही, हे विसरू नये.

इथे दुसरा गुण पुढे येतो : त्रास सोसण्याची तयारी. यासाठीही प्रश्नावली आहे, शिवाय प्रयोगशाळेत श्वास रोखायला किंवा बर्फाच्या पाण्यात हात धरायला सांगतात. (दोन्हींची उत्तरं अनेकदा जुळत नाहीत, तेव्हा हे मोजमाप अजून कच्चंच म्हणायचं.) धास्ती जास्त आणि सोसण्याची तयारी कमी असली, की माणूस पळ काढतो. छातीत धडधडलं म्हणून मधल्याच स्टेशनवर लोकलमधून उतरतो. दोन मिनिटांत बरं वाटतं आणि मनात नोंद होते, 'उतरलो म्हणून वाचलो.' न उतरताही ती धडधड ओसरलीच असती, हे त्याला कळायची संधीच मिळत नाही.

उपचारात ही संधी मुद्दाम दिली जाते. आधी ईसीजी, थायरॉइड वगैरे तपासून घेतात; पहिल्यांदाच छातीत दुखत असेल तर पॅनिक समजून घरी बसू नये. मग थेरपिस्ट फिरत्या खुर्चीत गरगर फिरवतात, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात, जागच्या जागी धावायला सांगतात. लक्षणं तीच, फक्त या वेळी आपण होऊन आणलेली. ती ओसरेपर्यंत पाणी प्यायचं नाही, नाडी बघायची नाही, बाहेर पडायचं नाही. हे पुन्हापुन्हा करायचं. लोकांना सगळ्यात जड जातं ते खिशातली 'वेळेला असावी' म्हणून ठेवलेली गोळी घरी ठेवून निघणं. म्हणून ती पायरी बहुधा उशिरा येते, तीही डॉक्टरांना विचारूनच.