रन-फ्लॅटच्या गाडीला साधे टायर चालतात का?

"रन-फ्लॅटवाल्या एसयूव्हीला साधे टायर बसतच नाहीत, रिमपण बदलावी लागते" हा फॉरवर्ड आमच्या रत्नागिरीकडे कित्येक वर्षं फिरतोय. तसं नाहीये हो. रन-फ्लॅटची बाजूची भिंत जाड नि कडक असते, म्हणून हवा गेली तरी गाडी ८० च्या स्पीडने साधारण ८० किमी जाते, बाकी माप तेच, त्यामुळे त्याच रिमवर साधा टायर बसतो.

खात्री करायचीय तर खाली वाकून टायर वाचा. समजा २५५/५५ आर १८ १०९ एच लिहिलंय, तर १०९ म्हणजे एका टायरवर १०३० किलो नि एच म्हणजे ताशी २१०. नवा टायर त्याच साइजचा घ्या, हे दोन्ही त्याहून कमी नकोत, मॅन्युअलशीपण ताडून बघा. शेजारी आरएफटी किंवा आरओएफ दिसलं तर तो रन-फ्लॅट. दोन असे दोन तसे मात्र नको, चारही बदला.

खरी अडचण वेगळीच, अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते. पंक्चर बुजवायच्या किटने नि हवा भरायच्या कंप्रेसरने खिळ्याचं भोक भागतं, पण चिऱ्याच्या धारेने साइडवॉल फाटली आणि तेही रात्री पावसात आंबा घाटात, तर किट काही कामाचं नाही. मी डिकीत स्टेपनी टाकलीय, बॅगा मागच्या सीटवर.