वरचं खाणं आणि दूध (बाळाचा पूरक आहार)

वरचं खाणं म्हणजे बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर अंगावरच्या दुधासोबत, किंवा पावडरचं दूध चालू असेल तर त्याच्यासोबत, जे घट्टसर अन्न चालू करतात ते. अंगणवाडीत आणि सरकारी कागदावर याला पूरक आहार म्हणतात आणि नाव अगदी नेमकं आहे, दुधाला पूरक, दुधाच्या जागी नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं की पहिले १८० दिवस निव्वळ आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, मग वरचं खाणं आणि त्याच्यासोबत अंगावरचं दूध दोन वर्षं किंवा त्याच्याही पुढं. घोळ होतो तो या 'सोबत' शब्दात. किती दूध, किती खाणं, आधी काय नंतर काय हे कुणी नीट बसून सांगत नाही, मग एकतर बाळ पातळ पाण्यावर राहतं नाहीतर वर्ष उलटलं तरी नुस्तं दुधावर.

हिशोब कसा असतो ते बघा. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात, त्यातल्या ४०० च्या आसपास अंगावरच्या दुधातूनच मिळतात आणि खाण्यातून यायला हव्यात फक्त २०० च्या जवळपास. नऊ ते अकरा महिन्यांत खाण्याचा वाटा ३०० वर जातो, आणि वर्ष झाल्यावर ५५० वर, म्हणजे तेव्हा कुठं खाणं पुढं आणि दूध मागं होतं. म्हणून सातव्या महिन्यात बाळानं दोन-तीन चमचे खाऊन तोंड फिरवलं तर जीव खाली-वर करायचं कारण नाही, त्याचं मुख्य जेवण अजून दूधच आहे. वेळांचं म्हणाल तर सुरुवातीला दिवसातनं दोन-तीनदा, एका वेळी दोन-तीन मोठे चमचे, मग वाढवत २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी, नऊ महिन्यांपासून तीन-चारदा आणि मधे एखादं केळं-बिळं, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी.

मग सहा महिन्यांनीच का, दूध पुरतंय तर अजून थांबूया की, असं बरेच जण म्हणतात. मुख्य कारण लोह. आईच्या पोटात असताना बाळानं जो लोहाचा साठा करून ठेवलेला असतो तो साधारण सहा महिन्यांत संपत येतो आणि दुधात, मग ते कुठलंही साधं दूध असू दे, लोह फार कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७.१ टक्के पोरं रक्त कमी असलेली निघाली, आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांत पुरेसा आहार मिळणारी फक्त ११.३ टक्के. हे आकडे वाचून पोटात खड्डा पडतो, कारण यातली कितीतरी पोरं घरात सगळं असूनही अशी राहतात.

उष्टावण

आपल्याकडं कोल्हापुरात वरचं खाणं उष्टावणानं चालू होतं. मामा मांडीवर घेऊन चांदीच्या वाटीतली खीर चाटवतो, अंबाबाईला नेऊन आणतात, सगळं छान. पण रीत अशी की मुलीचं विषम महिन्यात, पाचव्या नाहीतर सातव्या, आणि मुलाचं सम महिन्यात, सहाव्या नाहीतर आठव्या. म्हणजे रीतीवर गेलं तर पोरीला पाचव्यातच चालू होतं जे लवकर आहे, आणि पोराचा मुहूर्त आठव्यावर गेला तर दोन महिने उशीर. माझं स्पष्ट मत आहे, समारंभ कधीही करा, मामाला सुट्टी मिळेल तेव्हा करा, पण रोजचं खाणं सहा महिने भरले की चालू. बाळही सांगतंच की, मान धरलेली असते, टेकून बसतं, आपण घास घेतला की त्याचं तोंड हलतं, आणि चमचा तोंडात दिल्यावर जिभेनं बाहेर ढकलणं कमी झालेलं असतं.

खिमट आणि त्याचा घट्टपणा

पहिलं अन्न म्हणजे खिमट. तांदूळ आणि मुगाची डाळ धुवून सावलीत वाळवायची, थोड्या जिऱ्यासोबत मंद भाजायची आणि मिक्सरला रवाळ काढून डब्यात भरायची. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मिळाला तर वासानं घर भरतं पण तो नसला तरी काही अडत नाही, घरचा कुठलाही तांदूळ चालतो. एक-दोन चमचे पीठ पाण्यात कालवून गुठळी न होऊ देता शिजवायचं, वरनं तूप. आणि आता महत्त्वाचं, चमच्यात घेऊन चमचा तिरका करा. भळकन ओघळलं तर ते पातळ झालं, हळूहळू घसरत खाली आलं तर बरोबर. सगळा खेळ इथं आहे कारण आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी मावतं किती तर साधारण २४० मिली, त्यात तुम्ही डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज असलं भरलं तर पोट टम्म होतं, दूध पिणं कमी होतं आणि अंगाला काहीच लागत नाही.

कोल्हापुरात यातला आणखी एक प्रकार म्हणजे अळणी. मटण शिजवलेलं तिखट न घातलेलं पाणी बाळाला वाटीभर पाजतात, ताकद येते म्हणून. भावना खरी आहे, पण ताकद पाण्यात थोडी आणि मटणात जास्त असते. म्हणून खाणारं घर असेल तर मऊ शिजलेला खिमा नाहीतर कलेजीचा बारीक तुकडा कुस्करून भातात घाला, लोह त्यातून मिळेल, आणि कलेजी आठवड्यातनं एखाद-दुसऱ्या वेळी थोडीशीच बास. अंडंही सहा महिन्यांनंतर नीट उकडून चालतं, वर्षभर थांबायची गरज नाही. न खाणाऱ्यांनी डाळी, मोड आलेली नाचणी आणि पालेभाज्या यांच्यावर जोर द्यावा आणि वरनं लिंबाचे चार थेंब पिळावेत, त्यानं लोह अंगात जास्त शोषलं जातं. राधानगरी, भुदरगड, चंदगड भागात नाचणी घरचीच असते आणि तिच्यात कॅल्शियमही भरपूर. मोड आणून वाळवून दळलेल्या नाचणीचं आणखी एक बरं असतं, जास्त पीठ घातलं तरी खीर चिकट गोळा होत नाही, म्हणजे थोड्या खाण्यात जास्त ताकद जाते. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र नको, चहा लोहाला आडवा येतो.

घरातल्या भाजी-आमटीत कांदा-लसूण चटणी पडायच्या आधी बाळाचा वाटा बाजूला काढला की वेगळा स्वयंपाक करत बसावं लागत नाही. मीठ-साखर वर्षभर नको. गूळ आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे हे मान्य पण बाळासाठी गूळ म्हणजे साखरच, उष्टावणाला चाटवला तेवढा पुरे. मध तर अजिबातच नाही, गुटीतून उगाळूनही नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळं वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे, भडंग कुणी कौतुकानं मुठीत देऊ नये, घशात अडकतं. शेंगदाण्याचा बारीक कूट खिमटात घातलेला चालतो.

दूध कुठलं आणि किती

सुरुवातीचे महिने आधी दूध मग थोड्या वेळानं खाणं, आणि नऊ महिन्यांच्या पुढं आधी खाणं मग दूध, ही साधारण पद्धत. रात्रीचं पाजणं चालूच असतं, ते तोडायची घाई नको. पावडरचं दूध घेणारं बाळ वर्षाचं होईपर्यंत दिवसाला साधारण ४०० मिलीवर येतं. डब्यातलं माप सपाट भरायचं आणि डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी. महाग पडतं म्हणून पातळ केलं तर बाळ उपाशी राहतं. बनवलेलं दूध बाहेर दोन तासांवर ठेवायचं नाही, उरलेलं सरळ ओतून द्यायचं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, धुवायला सोपा. या दुधाची आणि बाळाच्या तयार खाण्याची दोन वर्षांखालच्या बाळांसाठी जाहिरात करायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे.

आता म्हशीचं दूध. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी, धार काढली की ग्लासात फेस, माणसं उभ्या-उभ्या धारोष्ण पिऊन जातात, हे बघत वाढलेल्या आजोबांना नातवालाही तेच द्यावंसं वाटणारच. पण कच्चं दूध बाळाला कधीच नाही, आणि उकळलेलं सुद्धा वर्षाच्या आत मुख्य पिणं म्हणून नको. लोह नगण्य, प्रथिनं आणि क्षार बाळाच्या किडनीला जड, आणि पोट भरल्यामुळं खाणं मागं पडतं. खिमटात, खिरीत थोडं उकळलेलं दूध घातलं तर हरकत नाही. वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको. सारखी बाटली तोंडात आणि जेवायला नको म्हणणारी फिकट पोरं गल्लोगल्ली दिसतात.

नोकरी करणाऱ्या आईचं अवघड असतं. कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी सुट्टी मिळते म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने, नेमकं वरचं खाणं चालू होतं त्याच वेळी शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ड्यूटी चालू. मग घरचे म्हणतात आता खायला लागलंय, दूध तोड. तोडू नये. सकाळी निघताना, आल्याबरोबर आणि रात्री पाजलं आणि मधल्या वेळेला आईचं काढून ठेवलेलं दूध नि खिमट दिलं तर दोन्ही निभतं. काढलेलं दूध बाहेर चार तास, पण एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सरळ फ्रिजला टाका, तिथं चार दिवस राहतं. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि दिवसातनं चार वेळा बाळाकडं जायची मुभा हा हक्क आहे, तो मागायला लाजू नये.

पुरतंय का नाही हे शेजारच्या गुटगुटीत बाळाकडं बघून ठरत नाही. अंगणवाडी ताई दर महिन्याला वजन करून कार्डावर ठिपका मांडतात, तो ठिपका वर चढतोय का ते बघा, आणि दोन महिने रेघ आडवी झाली तर डॉक्टर गाठा. आजारपणात दूध वाढवायचं, खाणं थोडं-थोडं करून चालू ठेवायचं, आणि बरं झाल्यावर पंधरा दिवस रोज एक जेवण जादा.