चामड्यावरची मशीन टीप

चामड्यावरची टीप आणि कापडावरची टीप यात मोठा फरक असा की कापडात सुई धाग्यांच्या मधून वाट काढते, चामड्यात मात्र ती भोक पाडते आणि ते भोक कायमचं राहतं. चुकली तर उसवून परत मारू, हे इथं चालत नाही. त्यामुळं टीप चांगली येणार की नाही हे पायडलवर पाय ठेवायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे २०१९ साली कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या जीआय टॅगमध्ये येतात, पण पारंपरिक कोल्हापुरी चामड्याच्याच वादीनं हातानं शिवतात, मशीनचा विषय येतो तो बॅग, पट्टा, पाकीट, सीट कव्हर असल्या कामात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं कडक असतं, क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ, आणि एकावर जमलेलं सेटिंग दुसऱ्यावर जमेलच असं नाही.

टीप बिघडली की बहुतेक जण आधी टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू पिळतात, पण खरं तर आधी सुई बघावी. कापडाची गोल टोकाची सुई चामडं ढकलत जाते, चामड्याच्या सुईचं टोक धारदार असतं आणि ते कापत जातं. त्यातही एलआर टोक तिरकं कापतं म्हणून टाके जरा तिरपे, उठून दिसतात, एस टोक टिपेच्या रेषेतच कापतं, टाका सरळ आणि आत बसलेला येतो. दोरा बाँडेड (पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला) नायलॉन किंवा पॉलिस्टर घ्यावा, सुती दोरा ताणाला आणि घासाला टिकत नाही. टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप. टेक्स ७० च्या दोऱ्याला १६ किंवा १८ नंबरची सुई, टेक्स १३५ ला २२ ची, आणि ही २२ ची सुई घरातल्या साध्या काळ्या मशीनवर चालत नाही, त्याला जड मशीनच लागतं. जोडी जुळते का बघायला सुई दोऱ्यात ओवून दोरा दोन्ही हातांनी तिरका ताणून धरायचा, सुई स्वतःच्या वजनानं अलगद घसरत खाली आली तर ठीक, अडकली तर एक नंबर मोठी घ्यायची.

टेन्शन लावताना आधी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ. बॉबिन केस दोऱ्याला लटकवली तर जागेवर थांबली पाहिजे आणि हलका झटका दिला की थोडी खाली सरकली पाहिजे. मग वरचं टेन्शन असं धरायचं की दोन्ही दोऱ्यांची गाठ चामड्याच्या जाडीत मधोमध लपेल. खाली दोऱ्याची वेटोळी दिसली तर वरचा दोरा ढिला आहे किंवा टेन्शनच्या तबकड्यांत बसलाच नाही, वर खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जास्त आहे.

टाका गळत असेल तर कारण बहुतेक वेळा हे, की सुई वर येताना चामडं तिला चिकटून सोबत उचललं जातं, मग दोऱ्याचा फास नीट बनत नाही आणि खाली फिरणाऱ्या हुकाला तो सापडत नाही. फुटाचा (चामडं वरून दाबून धरणाऱ्या पट्टीचा) दाब वाढवायचा, सुई नवी घालायची, सुईची खाच हुकाकडंच आहे ना बघायचं. सुलोचन (चामडं चिकटवायचं रबरी सोल्युशन) ओलं असताना टीप मारली तर सुई आणखी चिकट होते, ते आधी वाळू द्यावं.

साध्या मशीनचे दाते फक्त खालचा थर ओढतात, वरचा थर फुटाखाली अडतो आणि शेवटी दोन कडा जुळत नाहीत. टेफ्लॉनचा किंवा रोलरचा फूट लावला की बराच फरक पडतो, वरचा थरही सोबत ओढणारं वॉकिंग फूट मशीन असेल तर प्रश्नच मिटतो. टाचण्या लावू नयेत, त्यांचीही भोकं राहतात. जाड जोडावर कड रापीनं (चामडं कापायच्या सुरीनं) आधी पातळ करावी आणि तिथं हातानं चाक फिरवावं, कारण वेगात सुई तापते आणि नायलॉनचा दोरा वितळून तुटतो.

टाक्याची लांबी साधारण ३ ते ४ मिलिमीटर ठेवावी. फार बारीक टाके मजबूत वाटतात पण तिथंच चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. कोपऱ्यावर वळताना सुई तळाला नेऊन किंचित वर येऊ द्यायची, हुकानं फास पकडला की मगच फूट उचलून वळवायचं. शेवटी रिव्हर्स मारायचा तर त्याच भोकात पडला पाहिजे, नाहीतर वरचा दोरा मागं ओढून गाठ मारावी आणि टोक लायटरनं जरासं वितळवून दाबावं. पावसाळ्यात महाबळेश्वर, पाटणकडं हवेनंच चामडं दमट आणि मऊ होतं, टाका जास्त रुततो, तेव्हा त्याच चामड्याच्या तुकड्यावर तेवढेच थर ठेवून टेन्शन परत तपासून घ्यावं.