दातांच्या दवाखान्यात वजनकाटा कशाला?

आमच्याकडे मुलांना खुर्चीत बसवण्याआधी काट्यावर उभं करतात, उंचीही मोजतात. "दात दाखवूक इलंव, वजन कित्याक?" हा प्रश्न आठवड्यातून दोनतीनदा तरी येतो. दर वेळी घाईघाईत उत्तर देण्यापेक्षा म्हटलं, लिहूनच द्यावं.

आधी एक गैरसमज काढू. जाड मुलाचे दात किडतातच, असं काही नाही. 2004 ते 2011 या काळातल्या जगभरच्या 48 अभ्यासांचा एक आढावा आहे. त्यातल्या जवळजवळ निम्म्या अभ्यासांत वजन आणि कीड यांचा संबंधच दिसला नाही. उरलेल्यांत काही ठिकाणी जाड मुलांत कीड जास्त, तर काही ठिकाणी हडकुळ्या मुलांत. कारण दात वजनाने किडत नाहीत, साखरेने किडतात. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात, त्याने दातावरचं कवच विरघळतं. लाळ ते आम्ल धुऊन काढते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याइतकंच ती किती वेळा खाल्ली हेही बघावं लागतं. सकाळी चहा-बिस्किट, मधल्या सुट्टीत चॉकलेट, घरी आल्यावर सरबत, संध्याकाळी पुन्हा बिस्किट, असं चाललं की लाळेला उसंतच मिळत नाही. हाच खाऊ एखाद्याचं वजन वाढवतो, एखाद्याचं नाही. दात मात्र दोघांचेही किडतात.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती हडकुळ्या मुलांची. "आमचो झील कायच खायत नाय" म्हणत आई येते. तोंड उघडलं की डाव्या बाजूच्या दातांवर पिवळट थर, उजवी बाजू त्यामानाने स्वच्छ. म्हणजे पोरगा डावीकडे चावतच नाही. जी बाजू चावण्यात नसते तिथेच घाण साठते. आत बघावं तर दाढेला खड्डा. भाकरी चावली की कळ येते, म्हणून तो भाकरी सोडतो, मासा सोडतो, मऊभातावर राहतो. रात्री दाढ ठणकली की झोपही होत नाही. मग वजन कुठून वाढणार? घरच्यांना वाटतं पोर अशक्त आहे, म्हणून दुधात गोड पावडर आणि येता-जाता ग्लुकोजची बिस्किटं सुरू होतात. कीड आणखी वाढते, जेवण आणखी कमी होतं. नुसता काटा बघून किंवा नुसते दात बघून हे चक्र लक्षात येत नाही.

"दुधाचे दात, पडणारच आहेत" हेही रोज ऐकतो. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात खरे, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. तेवढी वर्षं मुलाने दुखत्या दाढेवर जेवायचं का? आणि सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते, ती कुठलाही दात न पडता येते. म्हणून ती दुधाचीच समजून सोडून दिली जाते. ती कायमची आहे.

आपल्याकडच्या खाऊबद्दल थोडं. फणसपोळी, आंबापोळी आणि जत्रेतला खाजा दाढांच्या खाचांत चिकटून बसतात. त्या येता-जाता चघळण्यापेक्षा जेवणाबरोबर द्या. अमृत कोकम साखरेच्या पाकातलं आणि वर आंबट, त्यामुळे दातांना दुहेरी मार. त्यापेक्षा आगळाची सोलकढी बरी. हापूस मात्र पानात खुशाल वाढा. तो बंद करा असं आम्ही सांगत नाही, सांगितलं तरी मे महिन्यात कोण ऐकणार! वरून घातलेली साखर, गूळ, मध, सरबतं यांचा वाटा रोजच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांहून कमी ठेवावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं आहे. 1500 उष्मांक लागणाऱ्या मुलाला ती साधारण नऊ छोटे चमचे होते, 5 टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं.

रात्रीचं ब्रशिंग मोठ्या माणसाने करून द्यावं. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. आजीच्या मिश्रीचं बोट नातवाच्या तोंडात अजिबात नको, ती तंबाखू आहे.

मोठ्या माणसांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा, आकडा मुलांना लावू नका. मुलांचा वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावर ताडून पाहतात. आकडा टोकाला दिसला तर आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी देतो, आहाराचं औषधपाणी आम्ही करत नाही.

येताना शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने केलेल्या तपासणीचं कार्ड असेल तर आणा, त्यावर जुनं वजन मिळतं. मुलाला उपाशी आणू नका. आणि "डॉक्टर सुई टोचतील हां" असं वाटेत सांगू नका, बाकीचं आम्ही बघतो.